बटण दाबणारे काका

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यात लिहायचं धाडस करतोय, माफी असावी.

मंगळवेढ्याहून एसटीने सोलापूरला प्रोजेक्टच्या परीक्षेला निघालो होतो. दुकानाच्या गिऱ्हाइकांची यादी ठेवणारा माझा प्रोग्रॅम मांडीवरच्या लॅपटॉपवर उघडा होता. शेजारच्या अनोळखी काकांनी हौसेने त्यात आपलं नाव घातलं. सेव्हचं बटण दाबल्यावर प्रोग्रॅम जरा अडकला. “हललं न्हाय की!” म्हणत काका बोटाला थुंकी लावून दाबतच राहिले. यादीभर काकाच काका उमटले.

“लई गिराइक हाय की तुला!”

मी घाबरून, एकदा दाबल्यावर नोंद होईपर्यंत बटण बंद राहील, अशी सोय केली. परीक्षक सरांनीही ते काकांसारखंच दाबलं. नोंद एकच झाली.

परवा त्याच एसटीचे कंडक्टर भेटले, म्हणाले, “ते काका सांगत फिरत्यात, आमी दोघं पास झालो म्हणून.”

निकाल आज लागला. काकांचं खरं निघालं.