कमलाकांत गुरुजींनी विंडोजचं विसर्जन केलं

अमरावतीच्या अंबापेठेतले कमलाकांत गुरुजी लग्नं लावायचे, पूजा सांगायचे, पण लोक यायचे ते पत्रिकेपायी. चाळीस वर्षांत दोन हजारांवर पत्रिका केल्या. आधी वह्यांत. मग पत्रिकेचं सॉफ्टवेअर आलं, तशी एकेक जन्मवेळ त्यात चढवली अन् वह्या पूर्णा नदीत सोडून दिल्या. लिहिलेला कागद पायदळी येऊ नये म्हणून.

ते सॉफ्टवेअर चाले फक्त विंडोजवर. जुना कॉम्प्युटर खुरडायला लागला, तेव्हा लेक जुईलीनं आपला मॅक बापाला देऊन टाकला. ती अकोल्याला कॉलेजात शिकवते. म्हणाली, "बाबा, याच्या पोटात मी एक खोटा कॉम्प्युटर बसवते. त्यात विंडोज, अन् विंडोजमध्ये तुमच्या पत्रिका." तसं केलंही. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. डब्यात डबा अन् त्यात डबा, अन् साऱ्यात आतल्या डब्यात अर्ध्या जिल्ह्याच्या जन्मवेळा.

तीन वर्षं सुखानं गेली. मग मॅकनं एक दिवस काहीतरी अपडेट घेतलं अन् तो खोटा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर उघडेचना. जुईली फोनवर म्हणाली, "त्याच कामाचं दुसरं आहे, मी सांगते तसं टाका. बाकीचं रविवारी येऊन पाहते."

गुरुजींनी शुक्रवारी सकाळी आंघोळ करून दुसरं टाकलं, त्यात नवं विंडोज बसवलं, पेनड्राइव्हमधून पत्रिकेचं सॉफ्टवेअर घातलं. तोच निळा पडदा, तीच बटणं. गुरुजींना वाटलं, विंडोज तेच आहे, घर तेवढं बदललं. पण जुन्या विंडोजची फाईल अजून मॅकवर पडून होती. एका देव्हाऱ्यात दोन गणपती ठेवत नाहीत, हे ज्यानं जन्मभर लोकांना सांगितलं त्याला ते कसं पटावं. नव्याची स्थापना झाली, आता जुन्याचं विसर्जन. फाईल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली अन् डबा रिकामा केला. सवयीनं हात जोडून 'पुनरागमनाय च' पण म्हटलं.

शनिवारी चांदूर बाजारकडचा सूर्यभान आला. त्याची पोरगी रागिणी, सव्विसाची. अकोल्याचे पंजाबराव दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन पाहायला येणार होते अन् त्यांनी आधी पत्रिका मागितली होती. सूर्यभानकडच्या पत्रिकेला वाळवी लागलेली. रागिणीची आई वारलेली. जन्मवेळ होती ती गुरुजींकडेच.

गुरुजींनी सॉफ्टवेअर उघडलं. यादी कोरी. बंद करून पुन्हा उघडलं. कोरी.

जुईलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, नवं विंडोज म्हणजे नवा कॉम्प्युटर. पत्रिका जुन्याच्या पोटात होत्या."

 बायकोनं, रमाबाईंनी, पाणी आणलं, ते गुरुजींच्या हातातच राहिलं. दोन हजार माणसं जन्मली कधी, हे आता कुठं लिहिलेलं नव्हतं.

"काय झालं, गुरुजी?" सूर्यभाननं विचारलं.

गुरुजींच्या मनात आलं, बरीशी एखादी वेळ घालून द्यावी. कोण पाहायला येतं? पण शेवटी म्हणाले, "सूर्यभान, रागिणीची वेळ माझ्या हातून गेली. साऱ्यांच्याच गेल्या."

सूर्यभाननं टोपी काढून मांडीवर ठेवली. पोटच्या पोरीचं लग्न अडणार म्हणून तो रडतो की भांडतो, असं गुरुजींना वाटलं.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "ते वेळ खरी नव्हतीच."

"म्हणजे?"

"मी तवा वरूडले संत्र्याच्या ट्रकवर होतो. दोन दिसानं घरी आलो. रागिणीच्या मायले पुसलं तं ते म्हणे, दिवस मावळ्याच्या आंधी का मागून, ध्यान नाही. बारशाले तुमी वही उघडून बसले. बापाले वेळ मालूम नाही म्हणाची लाज वाटली. सांगून देल्ली, सहा वाजून बारा का सोळा मिनिटं."

"मिनिटं कशाला सांगितली मग?"

"नुसतं सहा म्हटलं असतं तं तुमाले खोटं वाटलं असतं."

स्वयंपाकघराच्या दारात रमाबाई हसल्या. गुरुजींना हसू आलं नाही. त्या वेळेवरून त्यांनी मंगळ काढला होता. त्या मंगळापायी रागिणीची दोन स्थळं परत गेली होती, त्यातलं एक तर त्यांनी स्वतःच आणलेलं.

"मंगळ निघाला तेव्हा काहून नाही बोललास?"

"तुमी इतके खात्रीनं बोलले, गुरुजी. मले वाटलं, माह्या तोंडून देवानंच खरी वेळ वदवली असंन."

गुरुजींनी मॅक बंद केला. मग त्यांनी पंजाबरावांचा नंबर मागून घेतला अन् स्वतः फोन लावला.

"पंजाबराव, पोरीची जन्मवेळ कोणालाच माहीत नाही. पत्रिका होणार नाही. मंगळ आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणारा मीच, अन् ते मी चुकीचं सांगितलं."

तिकडून विचारलं, "मंग उद्या याव का नाई?"

"या. पोरगी पाहा, अन् तिलेबी तुमचा पोरगा पाहू द्या."

त्यांनी फोन ठेवला. सूर्यभान टोपी डोक्यावर घालून उठला. दारात थांबून म्हणाला, "रागिणीले काय सांगू?"

"मी येतो," गुरुजी म्हणाले. "तिले मलेच सांगावं लागन." अन् चपला शोधू लागले.