पॉझिट्रॉन सांगणारी रेश्मा
बावीस वर्षं फौजेत काढली, पण सांगलीच्या त्या स्कॅन सेंटरात सुई बघून मी हात मागे घेतला. गळ्यातल्या कॅन्सरच्या गाठीवर सहा केमो झाल्या होत्या. गाठ गेली की उरली, ते या स्कॅनमध्ये दिसणार होतं. त्यात सकाळपासून उपाशी, त्यामुळे डोकं तापलेलं.

तिथली टेक्निशियन रेश्मा, पलूसची. इंजेक्शन देण्याआधी त्यात काय आहे ते प्रत्येकाला सांगायचं, हा तिचा नेम.

"आप्पा, ह्यात साखरेसारखं औषध हाय. त्यातनं पॉझिट्रॉन निघत्यात. अंगातला इलेक्ट्रॉन भेटला की दोघंबी नाहीसे व्हत्यात आन् दोन किरण उलट्या दिशांना सुटत्यात. मशीन ते टिपतं."

मी बाही खाली ओढली. "म्हंजे सुरुंगच की! माझ्या अंगात पेरतीस व्हय गं?" माझी उमेदीची वर्षं सुरुंग निकामी करण्यात गेलेली, मला दुसरं काय सुचणार?

एखादी वैतागली असती. रेश्मा स्टूल ओढून बसली. "आवं, पॉझिट्रॉन म्हंजे इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ. वजन तेवढंच, फकस्त चार्ज उलटा. त्याचा निगेटिव्ह, ह्याचा पॉझिटिव्ह. नव्वदेक वर्षांमागं आभाळातनं येणाऱ्या कणांचे फोटो काढताना एका शास्त्रज्ञाला घावला. चुंबकाजवळ इलेक्ट्रॉन एकीकडं वळायचा, तर ह्यो दुसरीकडं. मग पॉझिटिव्हचं तोंड आन् इलेक्ट्रॉनची शेपूट जोडून नाव ठेवलं."

"बारशाला आत्या न्हवती वाटतं?"

"न्हवती, म्हणून तर असलं नाव!"

मला हसू फुटलं. तेवढ्यात सुई टोचूनही झाली.

मग तासभर गप पडून राहायचं, बोलायचंही नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ती जन्मठेपच. स्कॅन उरकल्यावर मी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. पण रिपोर्ट डॉक्टरच सांगतात. "जपून जावा," एवढंच ती म्हणाली. मी मनातल्या मनात तिला चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गाठीचा मागमूस नव्हता. माझी बायको विजयमाला डॉक्टरांसमोरच रडायला लागली. तिला बाकावर बसवून मी तडक स्कॅन सेंटर गाठलं.

"पोरी, सुटलो गं!"

रेश्मा जागीच थबकली. मग ओढणी डोळ्यांना लावत म्हणाली, "आप्पा, सहा वर्षं झाली मला हितं. स्कॅन झाला की माणूस जातो. पुढं त्याचं काय झालं, ते मला कवाच कळत न्हाई. सांगायला परत आलेले तुमीच पहिले."