मुलगी बघायला आले त्या दिवशीची अर्धशिशी

नगरहून पाहुणे आमच्या मुलीला बघायला येणार होते, त्या सकाळी ती जांभयांवर जांभया देत होती. मिक्सरच्या आवाजावर चिडली. गुळाचा खडा तोंडात टाकून परत दुसरा मागितला.

"रात्रभर मोबाईल बघितलाय, दुसरं काय," बायको म्हणाली.

मला कळलं होतं, पण बोललो नाही. माझं दुखणंही असंच सुरू होतं. आधी जांभया, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. मग नजर बिघडते आणि त्यानंतर अर्धं डोकं ठणकतं. घरात मी त्याला पित्त म्हणत आलो. बायको कोकम सरबत करून देते, मी पितो. पोरीचं डोकं दुखायला लागलं तेव्हा तिलाही पित्तच सांगितलं. डोक्याचं दुखणं म्हटलं की आमच्या काष्टी गावात दहा तोंडं होतात आणि स्थळं मागं फिरतात. सांगायचं तर, कारण एवढंच.

पाहुणे बसले. ती चहाचा ट्रे घेऊन आली. कप टीपॉयवर ठेवायला गेली तो निम्मा काठाबाहेर. कप खाली पडला.

"चहा आमाला द्यायचाय का फरशीला?" मुलाचे मामा म्हणाले. सगळे हसले.

मुलाच्या आईने विचारलं, "चष्मा हाय का हिला?"

"न्हाई न्हाई, घाबरलीय जरा," बायको म्हणाली.

पोर माझ्याकडे बघत होती. उजवा डोळा चोळत होती.

"तिला आत्ता उजवीकडचं नीट दिसत नाही," मी म्हणालो. "थोड्या वेळाने डोकं धरेल, उलट्या होतील. उद्या दिवसभर अंग गळून जाईल. अर्धशिशी आहे. मलाही आहे, माझ्याकडूनच आली असणार."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या. "कळवतो," म्हणून पाहुणे उठले.

पोरीला आतल्या खोलीत निजवलं, खिडकीला चादर लावली, जवळ बादली ठेवली. बायको बाहेर भांडी आपटत होती. मी जाऊन म्हणालो, "आवाज नको." तिने भांडी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा फोन आला नाही. अजूनही आलेला नाही. पोर भिंतीला टेकून दहीभात खात होती, चेहरा उतरलेला.

"पप्पा, मग मला पित्त पित्त का म्हणायचात? मला वाटायचं, डोळे जाणार माझे."

मी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला. मग तिनेच विचारलं, "डोकं धरायच्या आधी तुम्हाला काय दिसतं?"

"तापलेल्या पत्र्यावर हवा हलते ना, तसं."

"मला करवतीचे दात दिसतात," ती म्हणाली. "चमकणारे. कडेकडेने सरकत जातात."