आईच्या नावाचं खातं

ती घटना आजही आठवली की हातातला चहा गार होतो. तेव्हा मी छत्रपती संभाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

एका निवृत्त शिक्षकाला फोनवर धमकावून त्याची आयुष्यभराची पुंजी लुटली होती. चोरांनी त्या पैशाची आभासी नाणी घेतली आणि इकडून तिकडे फिरवली. पण नाण्यांचे पुन्हा रुपये करायचे तर एक्सचेंजच्या, म्हणजे अशी नाणी विकत घेणाऱ्या-विकणाऱ्या कंपनीच्या, दारात यावं लागतं. तिथं नाणी एक्सचेंजच्याच ताब्यात राहतात, ग्राहकाला मोबाइलवर नुसता आकडा दिसतो. खातं उघडताना मात्र आधार, पॅन आणि चेहऱ्याचा व्हिडिओ द्यावा लागतो. आमचं पत्र जाताच एक्सचेंजनं खातं गोठवलं आणि खातेदाराची माहिती पाठवली. खातेदार निघाली बिडकीनची एक साठीची बाई.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. महिला अंमलदाराला सोबत घेऊन मी बिडकीन गाठलं. बाई विधवा, घरात एकुलता एक मुलगा. तो बाहेर गेला होता.

"खातं माझंच हाय," बाई म्हणाली. "नाणी बी मीच इकली."

"नाणी ठेवता कुठं?"

"आतल्या खोलीत. पत्र्याच्या डब्यात."

अंमलदाराला हसू फुटलं. मला नाही. ही बाई पोरासाठी तुरुंगात जायला निघाली होती.

मी एक्सचेंजकडून आलेला व्हिडिओ लावला. त्यात तीच बाई होती, आणि मागून एक आवाज येत होता, "आई, डोळं मीट. आता उघड. हास की जरा!" ती खुदकन हसली होती.

बाईनं पदर तोंडाला लावला.

"आवाज कोणाचा?"

"वळखू येत नाय, सायब."

मुलाला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. तरणाताठा, निगरगट्ट. "खातं आईचं हाय. ती कबूल बी झाली ना? मग मला कशाला बोलावलं?"

माझं डोकं फिरलं. तरी आवाज न चढवता, नाणी विकून आईच्या बँक खात्यात आलेले पैसे तिच्या कार्डावर एटीएममधून काढतानाचं त्याचं चित्रण पुढे ठेवलं. मग पठ्ठ्या पोपटासारखा बोलला.

चोराला कुठंतरी चेहरा दाखवावाच लागतो, असं मी नव्या अंमलदारांना सांगायचो. तो चेहरा चोराचाच असेल असं नाही, हे या गुन्ह्यानं शिकवलं. जो माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो, त्याचाच चेहरा पुढे केला जातो.

मुलगा हर्सूलच्या कारागृहात गेला. पुढे एकदा बाई ठाण्यात आली. सुटकेचं विचारेल, असं वाटलं.

"सायब, त्यो व्हिडिओ मला मोबाइलात देता का? लई वर्सांनी असा लाडानं बोलला व्हता माझ्यासंगं."

व्हिडिओ खटल्यातला पुरावा होता. देता आला नाही.