माझं क्रीम आणि आमचा मेजर

आमचा कुत्रा गाभण आहे, अशी बातमी उंब्रजमध्ये पसरली. कुत्री नव्हे, कुत्रा!

त्याचं नाव मेजर. (आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे घरात हुद्द्यानं मोठा तोच.) पोस्टमनलाही फाटकाच्या आत पाय ठेवू न देणारा हा मेजर एकाएकी मवाळ झाला. पोटावरचे केस झडले, आचळं सुजली आणि गल्लीतले झाडून सगळे कुत्रे त्याच्यामागं लाळ गाळत फिरायला लागले. बिचारा शेपूट पायांत घालून माझ्या साडीआड लपायचा!

ह्यांचा संताप विचारूच नका.

"माझ्या कुत्र्याला कुनीतरी कायतरी चारलंय! सोडनार न्हाई!"

तर शेजारचा बबन भिंतीवरून म्हणतो, "सुभेदार, बारशाला बोलवा बरं का!"

मला मात्र रडू फुटत होतं. गाठबिठ निघाली तर? शेवटी त्याला गाडीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं म्हशी, शेळ्या आणि निम्मं गाव हजर! डॉक्टरांनी मेजरचं पोट दाबून पाहिलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "घरात कुणी हार्मोनचं क्रीम लावतं का?"

"आमच्यात कोन लावतंय? फौजी मानसं आमी!" हे छाती काढून म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडं वळले. "वहिनी?"

आता बोला! पाळी गेली, अंगाची लाही होते, साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी क्रीम दिलंय, हे मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. ते दुसऱ्याच्या म्हशीसमोर सांगावं लागलं!

"कुठं लावता?"

"दंडाला. उरलं तर खाली मनगटापर्यंत."

"मग?"

"मग मालिका बघते."

"आणि मेजर?"

"मांडीवर डोकं ठेवून माझा हात चाटतो. लय जीव आहे त्याचा माझ्यावर!"

शेळी घेऊन बसलेला एक म्हातारा म्हणाला, "जीव न्हाई वैनी, चव लागली आसंल!"

निम्मं गाव हसलं. (मला वाटतं, म्हैससुद्धा.)

चाटून चाटून माझ्या क्रीममधलं बायकांचं हार्मोन मेजरच्या पोटात गेलं होतं! डॉक्टरांनी मग भर दवाखान्यात माझी शिकवणीच घेतली. सांगितलं तेवढंच क्रीम, सांगितलं तिथंच, पातळ लावायचं. पूर्ण वाळू द्यायचं, वर कापड घ्यायचं, हात साबणानं धुवायचे. त्या जागेला ना पोराबाळांचा हात लागला पाहिजे, ना कुत्र्याची जीभ. अहो, डॉक्टरीणबाईंनीही अगदी हेच सांगितलं होतं! पण उकाड्यात लांब बाहीचं पोलकं कोण घालतंय? आणि हात धुवायला उठावं, तर नेमकी तेव्हाच मालिकेतली सासू विष कालवणार!

गाडीत बसताच ह्यांनी तोंड सोडलं. "वाघासारखं कुत्रं हुतं माझं! पार वाटुळं केलंस!"

आता मात्र माझा पारा चढला. "एवढे दिवस मी घामानं भिजून तळमळते, ते कधी दिसलं न्हाई तुम्हाला! कुत्र्याची आचळं बरी दिसली!"

सुभेदारांनी गाडी दामटली. पण दुसऱ्या दिवसापासून मी क्रीम काढलं की हे मेजरला बाहेर बांधून माझ्यासमोर ताठ उभे! "वाळलं का? बाही खाली! आता हात धू!" जन्मात बायकोच्या हाताकडं इतकं निरखून पाहिलं नव्हतं ह्या माणसानं.

चाटणं बंद झालं, तसा मेजर हळूहळू सुधारला. सूज उतरली, नवे केस आले, भुंकण्याला धार आली. गाव आता तरी गप्प बसेल, असं मला वाटलं.

तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईनं मला कोपऱ्यात ओढलं आणि कानाशी लागली, "काकू, तुमचं कुत्रं कसलं तुकतुकीत दिसाय लागलंय! त्ये कुठलं क्रीम लावतंय, त्येवढं सांगा की!"

जन्मभर हळद, साय, डाळीचं पीठ थापलं मी ह्या तोंडाला. एका बाईनं कधी विचारलं नाही, काय लावता म्हणून!