मुराळ्याशिवाय शेवटचं घर नाही

मंदाचा फोन आला तेव्हा मी कामासाठी धुळ्यात होतो. "दादा, अक्का गेली..." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. अक्का म्हणजे माझी काकू, मंदाची आई. दहाव्याला मंदा म्हणाली, "आता माझं माहेर संपलं." तिला सख्खा भाऊ नाही, काका तर आधीच गेलेले. तेव्हापासून अक्काचा तो पुठ्ठ्याचा पट सारखा डोळ्यांसमोर येतोय.

ऐंशीच्या दशकातल्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या. जळगावच्या उन्हात दुपारी पोरांना कोंडून ठेवावंच लागे, आणि कोंडलेली आम्ही पोरं घर डोक्यावर घ्यायचो. एके दुपारी अक्कानं कापडाच्या ठाणातला पुठ्ठा काढला, वाट्यांत हळद, कुंकू, नीळ कालवली आणि आम्हाला कामाला लावलं. खेळाचं नाव 'आखाजी'. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, सासुरवाशिणी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला भाऊ येतो, तो मुराळी. पटावर जळगावहून निघून शिंदखेड्याला, म्हणजे अक्काच्या माहेरी पोचायचं. फासे म्हणून फोडलेले चिंचोके. एरंडोलला एसटी पंक्चर, एक डाव थांबा. पारोळ्याला उसाचा रस, दोन घरं पुढे. धुळ्याच्या स्टँडवर पिशवी विसरली, पुन्हा पारोळा. हे शेवटचं अक्काच्या स्वभावातून आलेलं, ती होतीच विसराळू. मी काढलेल्या एसटीला शिंगं फुटलीत असं तिचं मत होतं आणि ते ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

तिचा एकच नियम कडक होता. चारही चिंचोके पांढरे पडले तर मुराळी आला, त्याशिवाय शेवटच्या घरात पाऊल नाही. चारही पांढरे काही पडायचे नाहीत. सगळ्यांच्या सोंगट्या वेशीवर ताटकळायच्या आणि आम्ही वैतागायचो.

नियमाचं मूळ मला मोठेपणी कळलं. कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून अक्काचा भाऊ आणि आमचे आजोबा यांचं बिनसलं होतं. तेव्हापासून मुराळी येईना, आणि मुराळ्याशिवाय अक्का जाईना. मोठी मानी बाई! पण माहेरचं नाव निघालं की तिचा चेहरा उतरायचा.

मंदा तेव्हा पहिलीत असेल. वेशीवर अडकून अडकून ती रडकुंडीला आली आणि तिनं आईची सोंगटी उचलून सरळ शेवटच्या घरात ठेवली.

"मुराळी कोठे शे वं?" अक्कानं दटावलं.

"मामा नही उना ते काय व्हयनं? मी शे ना तुना संगे!"

मामा आला नाही म्हणून काय झालं, मंदा होती ना सोबत! अक्का हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला... त्या आखाजीला ती खरंच मंदाचं बोट धरून शिंदखेड्याच्या एसटीत बसली. परत आली ती भावाला घेऊनच. मामा ओट्यावर बसून आजोबांना सांगत होता, "आबा, पोर म्हने, मीच मुराळी शे. मंग मी काय बोलसू?" आजोबांनी आत बघून चहा टाकायला सांगितलं. पुढे दर वर्षी मामा स्वतः न्यायला यायचा.

परवा जळगावच्या घरी अक्काचं कपाट आवरताना पट सापडला. हळद विटलीय, नीळ टिकून आहे, माझ्या एसटीची शिंगंही. चिंचोके चिंधीत बांधलेले. तसाच उठून मी मंदाला भुसावळला फोन लावला.

"आखाजीला तयार राहा. मी न्यायला येतोय. अक्काच्या नावाची घागर तूच भरायची."

तिनं विचारलं, "चारही पांढरे पडले का, दादा?"

"टाकलेच नाहीत," मी म्हणालो.