एककान्याच्या पानाला कावळा शिवला न्हाय

भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता, अजून न्हाय. भूत दिसायला माणूस रिकामा लागतो. मी सकाळी चार घरच्या पोळ्या लाटायची, मला कुठलं भूत दिसतंय! तरी झालं ते सांगते. सून कॉम्प्युटरवर टाईप करतेय, बोलणं माझं. तिला म्हटलंय, सुधारायला जाऊ नको.

तेव्हा आम्ही कात्रजला राहायचो, मी आणि माझा पोरगा. तीन मजली बिल्डिंग, वर मोकळी गच्ची. आमचे हे अकरा वर्षांमागं गेलेले. म्हणजे वारले का काय ते ठाऊक न्हाय... कारखाना बंद पडला, "साताऱ्याकडं काम बघून येतो" म्हणाले आणि गेले. पिशवीत दोन शर्ट आणि दाढीचं सामान. आलेच न्हायत.

सात वर्षं झाली तसं जाऊबाईंनी माझं कुंकू पुसायला लावलं. "लोक काय म्हणतील," म्हणाल्या. पुसलं. रडत बसायला सवड नव्हती. तिथनं पुढं दरसाल सर्वपित्री अमावस्येला सासू-सासऱ्यांच्या पानाशेजारी ह्यांचं पान मांडायची. सासू-सासऱ्यांची पानं कावळे दोन मिनिटांत साफ करायचे. ह्यांच्या पानाला शिवायचेच न्हायत!

जाऊबाई म्हणायच्या, "इच्छा राहिलीय भाऊजींची. कबूल कर काहीतरी."

मी हात जोडून कबूल करायची. पोराला शिकवीन. सायकल विकणार न्हाय. तुमच्या बहिणीशी गोड बोलीन... हे जरा जड गेलं, पण बोलले. एकदा पानावर बिडीचं बंडल ठेवलं. कावळा ढिम्म.

"मग दर्भाचा कावळा कर आणि शिवव," जाऊबाई म्हणाल्या.

"गवताला काय कळतंय?" म्हटलं, आणि पान गाईला घातलं.

आता पुस्तकाचं. कर्वेनगरला आयटीतल्या तीन पोरींच्या फ्लॅटवर मी स्वयंपाक करायची. त्यातली सायली अमरावतीची. तिच्याकडं तीन जाडजूड पुस्तकं पडलेली – विटेएवढी एकेक. राजे, राण्या, लढाया, बोलणारे लांडगे. इंग्रजीवरनं मराठी केलेली. तिनं वडलांना दिलेली, त्यांनी माघारी धाडली, म्हणाले माणसं ध्यानात राहत न्हायत.

"काकू, तुम्ही वाचता का?"

"चौथी पास हाय मी. अक्षराला अक्षर लावून वाचीन."

दीड वर्ष लागलं. दुपारी काम उरकलं की बस यायच्या आधी स्टॉपवर बसून दोन पानं, बोट ठेवून. माणसं ध्यानात राहायला काय झालं? आमच्या भावकीत ह्याच्या दुप्पट हायत आणि एकमेकाशी बोलत न्हायत, ती राहतातच की! नावं तेवढी तोंडात बसत नव्हती. म्हणून मी माझी ठेवली – थोरली राणी, तिचा तांबडा भाऊ, म्हातारा सेनापती. आणि एककान्या. त्याचा एक कान लढाईत गेलेला. माणूस लाखात एक. तिसऱ्या भागाच्या शेवटाला तो घोड्यासकट गोठलेल्या तळ्यात गेला. वरनं बर्फ मिटला.

मी चार दिवस पोळ्या करपवल्या.

"काकू, तो मेला न जी," सायली म्हणाली. "मी इंग्रजीत पण वाचलं. राणीनं सुतक पाळलं त्याचं."

"आणि चौथा भाग?"

"लिहून व्हायचाय अजून. बाप्पा, तुम्ही किती मनाला लावून घेता!"

तिसऱ्या भागात राणी सोडून सगळे गेले. तांबडा भाऊ, सेनापती, एककान्या. कुणाला धड अग्नी न्हाय, तोंडात पाण्याचा थेंब न्हाय. पंधरवड्यानं अमावस्या आली. मला आपलं वाटलं, वडे उरलेतच, मांडावीत तिघांची पण पानं. त्यांचं कोण हाय इकडं?

दुपारचे बारा, लख्ख ऊन. गच्चीच्या कठड्यावर सहा पानं. सगळ्यांवर सारखाच भात, कढी, खीर, वडा. पोरगा म्हणाला, "आई, हे तीन कोण?"

"वळखीतले."

कावळे आले. सासू-सासरे झाले. तांबडा झाला. सेनापतीच्या पानावर तर दोघं भांडले. राहिली दोन पानं – ह्यांचं आणि एककान्याचं. एक म्हातारा कावळा दोन्ही पानांच्या मधनं चालत गेला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. मी एककान्याचं पान उचलून सेनापतीच्या जागेवर ठेवलं. तरी न्हाय! सव्वा दोनपर्यंत बसले. शेवटी दोन्ही पानं गाईला.

सायलीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. पुढं ती कंपनीकडनं अमेरिकेला गेली. वर्ष गेलं असेल. एका सकाळी मी कणीक मळतेय आणि मोबाईल वाजला. सायली किंचाळत व्हती.

"काकू! चौथा भाग आला! तो जिवंत आहे!"

"कोण गं?"

"एककान्या! तळ्याखाली गुहा होती, तिकडून निघाला! कुठं होता ते चाळीस पानं सांगत बसलाय! काकू, तुमच्या कावळ्याला कसं कळलं?"

मी पिठाच्या हातानंच फोन बंद केला. सायलीच्या डोक्यात एककान्या व्हता. माझ्या डोक्यात दुसरं पान.

इतकी वर्षं मी इच्छा शोधत बसले. बिड्या ठेवल्या, नणंदेशी गोड बोलले...

हात धुतले आणि कुंकवाचा करंडा काढला. कुंकवाचा खडा झालेला, पाण्यात कालवून लावलं. जाऊबाई आल्या. "अगं, हे काय?"

"जिवंत माणसाचं पान मांडत न्हाय मी इथनं पुढं."

"कुणी सांगितलं तुला?"

काय सांगणार? त्या अमेरिकेतल्या पुस्तकातलं कात्रजच्या कावळ्याला कसं कळलं, ते मला आजपातूर कुणी सांगितलं न्हाय. सून म्हणते योगायोग. असेल. पण मग बाकीच्या दोघांची पानं का झाली, ते तिला पण सांगता येत न्हाय.

हे अजून आले न्हायत. आले तर जेवायला वाढीन, पण आधी दारातच उभं करीन. एककान्यानं निदान चाळीस पानं सांगितलं, कुठं व्हता ते.